कापसाची खोली

१२ जानेवारी

प्रिय बारके,

माझं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. वर्गातल्या बाईंनी सांगितलंय की अधूनमधून कुणाला तरी पत्र लिहीत जा, म्हणजे पुढे धंद्याची पत्रं लिहिताना हात अडणार नाही. बाकीच्या बायका म्हणाल्या, आम्ही कुणाला लिहू, आमची सगळी माणसं याच गल्लीत येऊन पडलीत. मी म्हटलं, माझी नणंद मोठ्या शहरात तुमच्याच संस्थेच्या ऑफिसात आहे, मी तिला लिहीन. तेव्हापासून वर्गात मला जरा मान आहे.

तू ऑफिसात भांडून हा वर्ग आमच्या वस्तीत आणलास हे बाईंनीच सांगितलं. तू कधी बोलली नाहीस.

वर्ग पाण्याच्या टाकीशेजारच्या रिकाम्या गोदामात भरतो. खुर्च्या कुठल्यातरी बालवाडीतून आणल्यात, त्यामुळे आम्ही सगळ्या गुडघे हनुवटीला लावून धंदा शिकतो. शिलाईवाली एकदा बसली की तिला दोघींनी ओढून उठवावं लागतं. काल शिकवलं की भाव सांगताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचं, आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. पुढचं वाक्य त्याने बोलायचं. आम्हाला ते गप्प बसणंच जमेना. जी ती आकडा सांगते आणि वर स्वतःच म्हणते, जास्त वाटत असेल तर कमी करू. आम्ही इतक्या हसलो की बाईंनाही हसू आलं. मग त्यांनी विचारलं, भावात स्वतःची मजुरी धरली का? कुणीच धरली नव्हती. शिलाईवाली म्हणाली, "मी तर बसूनच असते ना, बाई."

आमच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या मावशी तुला आठवत असतील, कापूस पिंजणाऱ्या. लहानपणी तू सुट्टीला यायचीस तेव्हा त्यांच्या कापसात लोळायचीस आणि मग तुझ्या वेणीतून कापूस काढता काढता माझे हात दुखायचे. त्यांना मागेपुढे कुणी नाही. पिंजायचं यंत्र आहे, खोली आहे, पण भरलेली गादी आता एकटीला उचलत नाही. तर मी, मावशी आणि शिलाईवाली, अशा तिघींनी मिळून गाद्या करायच्या ठरवतोय. शिलाईवालीने खोळी शिवायच्या, मावशींनी कापूस पिंजायचा, मी भरायचा आणि टाके घालायचे. गिऱ्हाइकाशी बोलायचं तेही माझ्याकडेच आलंय, कारण मावशींना कमी ऐकू येतं आणि शिलाईवाली लगेच भांडते.

तुझे दादा बरे आहेत. कारखान्याचं लेथचं काम गेल्यापासून मनाला लागलंय, पण बोलत नाहीत. हमालीचं मिळालं तर जातात, नाहीतर कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात. मला शेटाणीबाई म्हणतात हल्ली. "शेटाणीबाई, चहा मिळेल का?" चेष्टेतच.

उत्तर शिलाईवालीच्या पत्त्यावर पाठव. आमच्याकडे पोस्टमन पत्रं कुठेही टाकतो.

तुझी वहिनी


२८ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी ऑफिसात तीनदा वाचलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही वाचून दाखवलं. शिलाईवालीच्या खुर्चीवर ती इतकी हसली की आमच्या मुख्य बाई केबिनमधून बाहेर आल्या. मग त्यांनाही दाखवावं लागलं. रागावू नकोस. त्या म्हणाल्या, असं लिहिणारी बाई आपल्याला हवीच होती.

गाद्यांचं एकदम पक्कं कर. तुझा हात किती साफ आहे ते मला माहीत आहे, माझ्या शाळेच्या दप्तराला तू घातलेले टाके दप्तर फाटलं तरी सुटले नव्हते. वसतिगृहं, दवाखाने, धर्मशाळा अशा ठिकाणी विचारा. घरगुती गिऱ्हाईक एक गादी घेतं आणि वीस वर्षं तोंड दाखवत नाही.

दादाचं मनावर घेऊ नकोस. तो लहानपणापासून असाच आहे. आईने मला नवी चप्पल आणली की दोन दिवस माझ्याशी बोलायचा नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच ती पुसून ठेवायचा. तुझं काम मार्गाला लागलं की सगळ्यांत जास्त तोच मिरवेल.

तुझी बारकी


१९ मार्च

प्रिय बारके,

मध्ये पत्र नाही कारण कामाने मान वर करू दिली नाही. मुलींच्या वसतिगृहाचं मोठं काम मिळालं. जुन्या सगळ्या गाद्या उसवून, कापूस पुन्हा पिंजून, नव्या खोळीत भरून द्यायच्या. तिथल्या व्यवस्थापक बाई कडक आहेत. मी भाव सांगितला आणि गप्प बसले. त्याही गप्प. बाहेर कुठेतरी नळ वाहत होता तो मी ऐकत राहिले. शेवटी त्याच म्हणाल्या, "बरं, कधी देता?"

आता दिवसभर मावशींची खोली म्हणजे ढगात बसल्यासारखं. पापण्यांवर कापूस, चहात कापूस. मावशी यंत्रावर बसल्या की जुनी गाणी म्हणतात, एकही शब्द धड नसतो. त्या म्हणतात, "मी मेल्यावर खोली तुम्हा दोघींची." शिलाईवाली म्हणते, "आधी हे काम संपवा, मग मरा." दुपारी मावशी माळ्यावर शिडीने चढून तासभर पडतात. खाली आता पाय ठेवायला जागा नाही.

वर्ग संपला, प्रमाणपत्रं दिली. माझं नाव पहिलं घेतलं. तुझे दादा आले होते, शटरपाशी उभे होते. मी कागद घेऊन वळले तेव्हा दिसले नाहीत. घरी आल्यावर काही बोलले नाहीत, आणि मग बरेच दिवस बोललेच नाहीत. लेक मध्ये निरोप्या झाली होती. "बाबांना सांग जेवण वाढलंय." "आईला सांग भूक नाही." तिला आधी गंमत वाटली, मग ती पण गप्प झाली.

माझा फोन बादलीत पडून बिघडला, म्हणून लागत नाही. दुरुस्तीला टाकायचा आहे. आणि हो, तू येणार म्हणाली होतीस पुढच्या आठवड्यात, ते राहू दे. घरात पसारा आहे. मला थोडा ताप होता, चेहरा उतरलाय, तू बघून उगाच काळजी करशील.

तुझी वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

ऐक, आमच्या संस्थेची जी पुस्तिका निघते, मदत देणाऱ्यांना पाठवायची, तिच्या पहिल्या पानावर तुम्हा तिघींचा फोटो येणार आहे. बाईंनी वर्गाच्या शेवटी काढलेला, कापसात बसलेल्या तुम्ही. मावशी डोळे मिटून हसतायत आणि तुझ्या केसांत एवढा कापूस आहे की तू म्हातारी दिसतेस. सुंदर आहे. जूनमध्ये इथे मोठी सभा आहे, तिथे तू बोलावंस असं मुख्य बाईंनी सांगितलंय. राहायची सोय माझ्याकडे.

दादाबद्दल मी आमच्या इथल्या एका अनुभवी बाईंशी बोलले. नाव घेतलं नाही. त्या म्हणाल्या, नवऱ्याला बाहेर ठेवलं की तो बिथरतो, त्याला कामात घ्या. मलाही पटलं. त्याला माल पोचवायचं काम दे ना. हातगाडी भाड्याने घ्या. त्याला वाटेल आपलंही आहे काहीतरी. तुला दोन हात जास्तीचे मिळतील आणि घरात शांतता.

ताप उतरला का? आणि फोन लवकर नीट करून घे, तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

तुझी बारकी


३० एप्रिल

बारके,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या वहिनीचा पाठीमागे पत्रव्यवहार चालतो, म्हटलं आपणही लिहावं. हिच्या पिशवीत तुझं पत्र मिळालं. नवऱ्याला कामात घ्या. वाचलं.

घेतलं मला कामात. हातगाडी ओढतो. कारखान्यात माझ्या हाताखाली चार पोरं होती, साहेब माप बघायला मला बोलवायचे. आता बायकोच्या गाद्या ओढतो आणि कोपऱ्यावरचे विचारतात, आज शेटाणीने गड्याला किती दिले. मी हसतो. रोज हसतो.

परवा वसतिगृहात माल घेऊन गेलो. तिथल्या बाईला म्हटलं, दोन गाद्यांचं माप जरा कमी भरलंय, पुढच्या खेपेला बदलून देतो. मी आपण होऊन सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या मालकिणीला पाठवा, हमालाशी मी व्यवहार बोलत नाही. दारावरचा वॉचमन ऐकत होता.

घरी येऊन हे सांगितलं तर तुझी वहिनी मला म्हणाली, मी बोलेन त्यांच्याशी. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. आधी अशी बघत नव्हती. हे तुम्ही शिकवलंत.

तुझं लग्न नाही, संसार नाही, तू ऑफिसात बसून लोकांची घरं कशी चालवायची ते सांगतेस. तुझ्या शाळेसाठी मी शाळा सोडली हे मी कधी काढलं नाही, आज काढतो. हे सगळं थांबव. तू सांगितलंस तर ती ऐकेल. नाहीतर काय होईल ते मला माहीत नाही.

दादा


७ मे

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं, आयुष्यातलं पहिलं. जपून ठेवणार आहे.

त्या वसतिगृहाच्या बाईंनी तुला तसं बोलायला नको होतं, मला वाचून राग आला. पण त्यात वहिनीचा काय दोष? कोपऱ्यावरच्या रिकामटेकड्यांचं तू कधीपासून मनावर घ्यायला लागलास? त्यांना म्हणावं, तुमच्या बायका कमावतील त्या दिवशी बोला. तू माझ्यासाठी काय केलंस ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. म्हणूनच सांगते, थोडा धीर धर. नवीन आहे म्हणून टोचतंय, सवय होईल.

जूनच्या सभेला तूही ये वहिनीबरोबर. तुला समुद्र दाखवते. रुसू नकोस आता.

तुझी बारकी


२३ मे

प्रिय बारके,

हे पत्र शिलाईवाली लिहितेय, मी सांगतेय. माझ्या हातांना पट्ट्या आहेत.

मावशींच्या खोलीला आग लागली. दुपारची वेळ होती. वायर जुनी होती, तिथून ठिणगी पडली असं सगळे म्हणतात. वसतिगृहाचा सगळा तयार माल आत होता. मावशी माळ्यावर झोपल्या होत्या, त्या गेल्या. त्यांना शिडीने उतरवायला गेले तेव्हा माझे हात भाजले. तुझ्या दादाने मला बाहेर ओढलं, नाहीतर मीही राहिले नसते. डॉक्टर म्हणतात हात राहतील, पण बोटं आधीसारखी वळतील की नाही सांगता येत नाही. उजव्या हाताची दोन तर नाहीच.

तुझे दादा माझं सगळं करतात. तू काळजी करू नकोस, आणि येऊ नकोस. तुझ्या ऑफिसात सांग की जूनमध्ये मला जमणार नाही.

तुझी वहिनी

ती सांगते ते मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. आता खालचं माझं आहे, तिला वाचून दाखवणार नाही. वायर-बियर काही नव्हती. त्या दिवशी सकाळपासून लाईटच नव्हती, मावशींचं यंत्र बंद होतं म्हणून तर त्या लवकर माळ्यावर चढल्या. आम्ही दोघी खोळींचं कापड आणायला बाजारात गेलो होतो. आलो तेव्हा दारातून धूर येत होता आणि तुमचा भाऊ रस्त्यात उभा होता. तुमची वहिनी ओरडली, मावशी वर आहेत. तेव्हा तो म्हणाला, मला वाटलं आत कुणी नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तिनेही ऐकलं. पोलीस आले तेव्हा ती म्हणाली वायर, मग मी काय बोलणार. मार्चमध्ये तिला ताप नव्हता. डोळा सुजला होता. फोन बादलीत पडला नव्हता, भिंतीवर आपटला होता. तुम्ही शिकलेल्या आहात, काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला मुलं आहेत.


२९ मे

वहिनी,

मला एकच सांग. आग कशी लागली?

वायर म्हणणार असशील तर उत्तर पाठवू नकोस. शिलाईवालीवर रागावू नकोस, तिने काही केलेलं नाही. मलाच तुझी पत्रं आता पुन्हा वाचल्यावर दिसायला लागलंय. चेहरा उतरलाय, तू येऊ नकोस, असं तू लिहिलंस आणि मी तुला हातगाडी भाड्याने घ्यायला सांगितलं.

इथे सांगायला लाज वाटते, पण सांगते. पुस्तिका छापून आली. तुम्हा तिघींचा फोटो पहिल्या पानावर आहे. मी मुख्य बाईंना सांगितलं की मावशी गेल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग म्हणाल्या, तुझी वहिनी बरी झाली की तिची पुन्हा उभं राहण्याची गोष्ट आपण घेऊ, पट्ट्या असतानाचा एखादा फोटो मिळाला तर बघ. मी बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले.

हे सगळं माझ्यामुळे झालं. मी तो वर्ग आणला नसता तर तू आज मावशींच्या खोलीत चहा पीत बसली असतीस.

बारकी


६ जून

बारके,

हेही शिलाईवालीच लिहितेय. आता तिच्यापासून लपवण्यासारखं काही उरलं नाही.

त्याने लावली. तुझ्या दादाने.

वसतिगृहाच्या बाईंशी मी बोलून आले होते. दोन गाद्या कमी भरल्या होत्या ते खरं होतं, मी त्या बदलून दिल्या. पुन्हा काम द्यायचं त्यांनी कबूल केलं. ते मी घरी सांगितलं, आनंदाने सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी सांगितलं तेव्हा खोटं आणि तू सांगितलंस तेव्हा खरं." मी म्हटलं, असं नाही हो. दोन दिवस शांत होता, जेवलाही नीट. मला वाटलं निवळलं.

त्या दुपारी आम्ही बाजारात गेलो. तो खोलीत डोकावला, खाली कुणी दिसलं नाही. कापूस पेटायला काय लागतं. आम्ही आलो तेव्हा गादीवर गादी पेटत होती आणि तो रस्त्यात हात लोंबकळत ठेवून उभा होता. मी मावशींना हाक मारली. त्यांना ऐकू कमी यायचं, तुला माहीत आहे. मी आत गेले, शिडीला हात घातला, शिडी जळत होती. वर माळ्याच्या तोंडाशी मावशींचा पाय दिसला. मग मागून त्याने मला कमरेला धरून ओढलं. मी त्याला चावले. त्याने सोडलं नाही.

रस्त्यावर पडल्या पडल्या तो माझ्या कानाशी तेच बोलत होता, मला वाटलं कुणी नाही, मला वाटलं कुणी नाही. पोलिसाने विचारलं तेव्हा लेक शेजारी उभी होती, त्याचं बोट धरून. मी म्हटलं वायर. तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर तेच म्हणत राहणं सोपं असतं.

आता ऐक, मी कशी राहते ते. मला माझ्या हाताने काही करता येत नाही. तो मला भरवतो. सकाळी तोंड धुवून देतो, केस विंचरतो, घास लहान करून तोंडात घालतो, पाणी पाजतो. कधीच इतका माझ्याजवळ बसला नव्हता. भरवताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि तो पुसत नाही, कारण एका हातात ताट आणि दुसऱ्यात घास असतो. मी तोंड उघडते, खाते. भूक लागते बारके, काय करू. त्याच हाताने लावली आणि त्याच हाताचं खाते. मागची खोली न्हाणीघराच्या खिडकीतून दिसते. छप्पर नाही, काळ्या भिंती आहेत. मावशींसाठी विचारायला कुणी आलं नाही. त्यांचं कुणी नव्हतंच. आम्हीच होतो.

मी काय करावं ते तू सांगू नकोस. तुझं ऐकून मी पुष्कळ केलं. पण तू ये.

वहिनी


९ जून

बारके,

तुझी वहिनी शिलाईवालीकडे जाऊन आली, चेहऱ्यावरून कळलं की तुला सगळं लिहिलंय. मी विचारलं नाही.

मी माणूस मारायला गेलो नव्हतो. गाद्या जाळायला गेलो होतो. त्या म्हातारीने मला लग्नात नवा सदरा शिवून दिला होता. रोज दुपारी कान वाजतात.

मी हिचं सगळं करतो. जन्मभर करीन. मला नेलं तर हिला घास कोण भरवणार, पोरीचं काय? म्हातारी तर परत येत नाही. तू माझी बहीण आहेस. काही बोलू नकोस. एवढंच मागतो, दुसरं कधी काही मागितलं नाही.

दादा


१३ जून

दादा,

तू कधी काही मागितलं नाहीस हे खरं आहे. तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकले. हे ज्या हाताने लिहितेय त्याला लिहायला तू बसवलंस. म्हणून हे पत्र चार वेळा फाडलं.

मी शनिवारी येतेय. वहिनी म्हणाली तर तिच्याबरोबर चौकीत जाणार आहे. ती नको म्हणाली तरी मी एकटी जाऊन मला जे कळलंय ते सांगणार आहे. मावशींसाठी विचारायला कुणी आलं नाही असं वहिनीने लिहिलंय. मी येतेय.

त्याआधी तू स्वतः गेलास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. तुझ्यासाठी वकील बघीन. तुला भेटायला येत जाईन, तू हाकललंस तरी. पण गप्प राहायला सांगू नकोस. वहिनीला भरवायला मी आहे.

बारकी


१७ नोव्हेंबर

प्रिय बारके,

हे मी स्वतः लिहितेय. अक्षर बघून हसू नकोस. पेन अंगठा आणि तळहात यांच्यात धरावा लागतो, एक ओळ झाली की थांबते.

तू परत गेल्यावर दोनदा पत्र आलं तुझं, उत्तर दिलं नाही. शिलाईवाली इथून गेली, तिच्या नवऱ्याने मुलांसकट दुसरीकडे खोली घेतली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण शिलाईची जुनी कात्री ठेवून गेली. आपल्या दोघींमागून तिनेही चौकीत जे खरं ते सांगितलं, त्याची किंमत तिला मोजावी लागली. गल्लीत आमच्याशी कुणी फारसं बोलत नाही. कोपऱ्यावरचे तेच लोक, ज्यांनी त्याला गडी म्हणून हिणवलं, ते आता म्हणतात, बिचारा, बायकोने आत घातला. गोदामातला वर्ग पुन्हा सुरू झाला नाही. बाई एकदा आल्या होत्या, शटर उघडून बसल्या. तिघीजणी आल्या, त्यातल्या दोघींना घरून बोलावणं आलं.

तू एक गोष्ट विचारली होतीस, तू येण्याच्या आदल्या दिवशी घरात काय झालं. आता सांगते. तुझं पत्र त्याने वाचलं, मला दिलं नाही, पण नीट घडी करून खिशात ठेवलं. संध्याकाळी न्हाव्याकडे जाऊन आला. शनिवारी सकाळी मला भरवलं, धुतलेला शर्ट घातला, बूट घातले आणि दाराशी बसून राहिला. मला वाटलं जाईल. उठला, दोनदा रस्त्यापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. तू आलीस तेव्हा तो तसाच बसलेला तुला दिसला. तुला वाटलं तो कुठे पळायच्या तयारीत होता. नव्हता. जायच्या तयारीत होता, त्याला जमलं नाही. हे त्याच्या बाजूने सांगत नाही, जे झालं ते सांगते.

मी दोनदा तुरुंगात त्याला भेटून आले. पहिल्यांदा तो माझ्या हातांकडेच बघत होता. दुसऱ्यांदा मी शाल घेऊन गेले होते, हात आत. बोलण्यासारखं फारसं नसतं. निकाल लागेल तेव्हा लागेल.

मी बाजारातल्या एका गादीवाल्याकडे जाते. कापूस निवडायचा, बिया-काड्या वेगळ्या करायच्या, ते तळहातांनी जमतं. दाभण धरता येत नाही. मालक दिवसाचा जो दर सांगतो तो घेते. त्याच्यासमोर गप्प बसून बघितलं एकदा, तर तो म्हणाला, जमत नसेल तर दुसऱ्या पुष्कळ आहेत. तुझ्या मुख्य बाईंचा निरोप आला होता फोटोचा. त्यांना माझा नमस्कार सांग आणि नाही म्हणून सांग. आधीच्या फोटोची एक प्रत मात्र पाठव. मावशींचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही.

आता लेकीचं. तू आलीस तेव्हा ती तुझ्याशीही बोलली नव्हती. पाच महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. परवा मी कामावरून आले, ती भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "आई, तू शिकायला गेली नसतीस तर मावशी असत्या. बाबापण असते."

मी खाली बसले तिच्याशेजारी. म्हटलं, "मावशी मी शिकायला गेले म्हणून गेल्या नाहीत. काडी लावली म्हणून गेल्या."

ती म्हणाली, "बाबांना माहीत नव्हतं."

म्हटलं, "मावशी वर आहेत ते माहीत नव्हतं. काडी हातात आहे ते माहीत होतं."

मग ती रडली. मीही. तिच्या पाठीवरून हात फिरवला तर तिला माझी बोटं टोचली असावीत, अंग चोरलं तिने. पण उठून गेली नाही.

तुझ्या पत्रातही तू तेच लिहिलं होतंस, मी वर्ग आणला म्हणून झालं. शिकलेली बाई आणि एवढीशी पोर, दोघींनी एकच हिशेब मांडलात. तिला जे सांगितलं तेच तुलाही सांगते, आणि जितक्या वेळा म्हणशील तितक्या वेळा सांगेन. तू मला वर्गात पाठवलंस. काडी तुझ्या भावाने लावली. या दोन गोष्टी एका वाक्यात लिहीत जाऊ नकोस.

लेक म्हणाली, उरलेली भांडी तू विसळ, तुला पाणी चालतं. मी विसळली. दोन निसटली, एक फुटलं. तिने तुकडे गोळा केले आणि मला बाजूला सरकायला सांगितलं, पायाला लागेल म्हणून.

हात थकला. थांबते.

तुझी वहिनी